गंधकाच्या पाण्यातली चेरी

तो रडतो आहे, असंच तिला वाटलं.

गोदीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारची सामसूम होती. हमाल सावली धरून आडवे झाले होते. तापलेला पत्रा मधूनच टकटक वाजत होता आणि समुद्राकडून खारट, ओलसर वारा आत डोकावून जात होता. निळ्या पिंपांच्या रांगेच्या टोकाला एक तरुण उघड्या पिंपावर वाकून उभा होता. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, नाकाचा शेंडा लाल, आणि डोळ्यांतून नुसत्या धारा!

"अहो... रडताय का?"

तो दचकला. मनगटानं डोळे पुसायला गेला आणि आणखीच झोंबलं.

"नाही हो. गंधक आहे. झाकण काढलं की डोळ्यांत जातं."

"मग तोंड फिरवून काढायचं झाकण. नवीन दिसताय."

"नवीनच आहे," तो म्हणाला आणि हसला. तिनं पुढं केलेला रुमाल त्यानं घेतला. ओल्या डोळ्यांनी हसणारा माणूस किती बरा दिसतो, असं तिच्या मनात आलं... आणि पुढचा सगळा घोळ तिथंच सुरू झाला.

ती पिंपं तिच्या आत्याची होती. आत्याचा चेरी पाकवायचा लहानसा कारखाना होता. केकवर, बिस्किटावर जी लाल, चकचकीत चेरी बसते ना, ती. तिचा कच्चा माल बोटीनं यायचा. ताजी चेरी एवढ्या प्रवासात टिकत नाही, म्हणून ती गंधकाच्या पाण्यात बुडवून पाठवतात. त्या पाण्यात तिचा रंग जातो, वास जातो, चव जाते. उरतं ते पिवळट, रबरासारखं फळ. कारखान्यात ते धुवायचं, पुन्हा पुन्हा उकळायचं, गंधक पार घालवायचं आणि मग दमादमानं पाक पाजायचा. तेव्हा कुठं तिची चेरी होते.

आई-वडिलांमागं आत्यानंच तिला वाढवलं होतं. लहानपणी हरवली की हमखास साखरेच्या पोत्यांमागं सापडायची, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. आता मोठी झाली, कारखान्यातला पाक तिच्या जिभेवर चालू लागला, तरी मुंगी ती मुंगीच. एरवी गोदीवर आत्या यायची, पण तिचा गुडघा धरला होता. म्हणून आज मुंगी आली होती. माल सोडवून देणारे एजंटकाका कागदांवर शिक्का मारून आणायला गेले होते, आणि ती एकटीच आपली पिंपं शोधत शेडमध्ये शिरली होती.

त्या तरुणानं चिमट्यानं एक चेरी उचलली, नाकाशी नेली आणि असं काही तोंड केलं...

"कुत्रंसुद्धा तोंड लावायचं नाही याला," तो म्हणाला.

मुंगीला ते लागलं. आत्याच्या मालाला नाव ठेवलं म्हणून लागलं, आणि ते यानं ठेवलं म्हणून जरा जास्तच लागलं.

"आमचा माल आहे तो!"

"असेल. पण वास..."

"वासावर काय जाता? आणा इकडे."

तिनं त्याच्या चिमट्यातली चेरी घेतली आणि सरळ तोंडात टाकली.

जिभेवर जणू काडी ओढली कुणी. घसा आवळला, कानांतून वाफ निघाल्यासारखं झालं, पोटातलं वर यायला निघालं. पण तो बघत होता. भुवया उंचावून, अगदी रोखून बघत होता. मुंगीनं चावलं. गिळलं. आणि हसली.

"मस्त आहे. आम्ही तर अशाच खातो."

"अशाच? न धुता?"

"हो. रोज!"

त्याचं हसू हळूहळू मावळलं. शेजारच्या पिंपावर घडी घालून ठेवलेला कोट त्यानं उचलला आणि अंगात घातला. कोटाच्या छातीवर बिल्ला होता.

"तुम्ही हे बोलायला नको होतं," तो हळूच म्हणाला. "मी इथला तपासनीस आहे."

दारात एजंटकाका शिक्क्याचे कागद हातात धरून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मुंगे," ते म्हणाले, "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!"

*

एजंटकाकांनी तिला शेडच्या मागं नेऊन समजावलं. कस्टममध्ये एकाच फळाच्या कितीतरी जाती. ताजं फळ वेगळं, वाळवलेलं वेगळं, पाकातलं वेगळं. आणि हे पिंपातलं सगळ्यांहून वेगळं, नुसतं टिकावं म्हणून औषधात ठेवलेलं, 'या अवस्थेत खाण्यास अयोग्य'. ते कच्चा माल म्हणून येतं, म्हणून त्यावर ड्युटी, म्हणजे आयातकर, कमी.

"आपण कागदावर लिहिलंय खाण्यास अयोग्य," काका म्हणाले, "आणि तू तपासनिसासमोर उभी राहून खातेस? वर 'रोज' म्हणतेस? आता हा खाण्याचा माल धरतील. भारी ड्युटी, खोटं लिहिलं म्हणून वर दंड. आत्याच्या कारखान्याला कुलूप लागेल, कुलूप!"

"मग मी सांगते त्यांना, गंमत केली म्हणून."

"जा, सांग."

ती गेली. तो पिंपाला सील लावत होता. तिचा रुमाल त्याच्या खिशातून डोकावत होता. तिनं तोंड उघडलं... आणि मिटलं. काय सांगायचं? मळमळत होतं, तरी तुमच्यासमोर तोरा मिरवायला खोटं बोलले? तिचे कान तापले. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसं एका क्षणात बोलून गेली होती. परत घ्यायचं तर तीच जीभ दगडासारखी जड झाली होती.

"काही म्हणायचंय?" त्यानं विचारलं.

"नाही... रुमाल राहू द्या तुमच्याकडे."

आत्याला एवढंच कळलं की माल अडकला.

*

पिंपं शेडमध्येच राहिली. नमुना तपासून लॅबवाल्यांनी फळात गंधक आहे म्हणून कळवलं, पण खाववतं का नाही, हे सांगणं आमचं काम नव्हे, असंही कळवलं. आता सुनावणी व्हायची होती.

मुंगी रोज गोदीवर जाऊ लागली. आत्याला सांगायची, पिंपांवर लक्ष ठेवायला जाते. ते खरंही होतं. शेडच्या त्या कोपऱ्यात दुपारी ऊन घुसायचं आणि पिंपं तापली की फळ मऊ पडतं. पण ती पोचायची तेव्हा पिंपांवर ओली पोती आधीच घातलेली असायची.

"तुम्ही घातलीत?"

"माल सरकारच्या ताब्यात आहे. खराब झाला तर मला विचारतील," तो कोरडेपणानं म्हणायचा. पण बाह्या ओल्या असायच्या.

एजंटकाका त्याला मागून काटासाहेब म्हणत. तराजूचा काटा जसा कुणाकडे झुकत नाही, तसा. मुंगीला मात्र हळूहळू दिसू लागलं की काटा थरथरतो. ती आली की त्याच्या हातातलं पेन खाली पडायचं. तिनं काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी तो एकदा गळ्याशी बटण चाचपायचा.

"तुम्हाला आवडतं हे काम?" तिनं एकदा विचारलं. "दिवसभर हे काय आहे, ते काय आहे, ठरवत बसायचं?"

"आवडतं. जगातल्या प्रत्येक वस्तूला आपलं घर असतं. घर सापडलं की बरं वाटतं."

"आणि या चेरीचं घर?"

"ही अजून वाटेवर आहे. झाडावरून निघालीय आणि गोड व्हायची आहे. अशांसाठीही एक घर ठेवलंय नियमात. मला ते सगळ्यात आवडतं."

"आणि माणसांची घरं? ती कोण ठरवतं?"

त्यानं बटण चाचपलं. "ते खातं माझ्याकडे नाही."

एकदा तिनं कारखान्यातली तयार चेरी बरणीतून नेली. लाल, ओलसर, कानातल्या खड्यासारखी. त्यानं हात पाठीमागं घेतले.

"केस चालू आहे तोवर नाही."

"एक चेरी खाल्ल्यानं काय होतंय?"

"काय होतं ते तुम्हीच सांगा," तो म्हणाला, आणि मग दोघंही हसले. तो मोकळेपणानं हसला. तिचं हसू मात्र अर्ध्यात अडकलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. तो क्षण तिच्यासाठी दार उघडं ठेवून उभा होता. पण ती झाकणाशी चाळा करत राहिली आणि बरणी घेऊन परत गेली.

*

कारखान्यात फळ निवडणाऱ्या बायका रिकाम्या बसू लागल्या. कुणी कुरकुर केली नाही. टेबलं पुसलेली होती तरी त्या पुन्हा पुसायच्या, आणि मुंगी जवळून गेली की विचारायच्या, "ताई, सुटला का माल?" त्या साध्या प्रश्नानं ती पायाच्या नखापर्यंत शरमायची. रात्रीचं जेवण घशाखाली उतरायचं नाही. खाई त्याला खवखवे, म्हणतात ते खोटं नाही. इथं तर खरोखरच खाल्लं होतं.

शेवटी आत्या उठली. गुडघ्याला पट्टी बांधली, काठी घेतली.

"बघतेच कोण तो मेला काटा!"

"आत्या, तू नको ना येऊस..."

"गप्प बस. तू गोड बोलत बसलीस म्हणून ही वेळ आली."

हे ऐकून मुंगीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

कस्टमच्या ऑफिसात टेबलांच्या रांगा होत्या. आत्या नेमकी त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली आणि काठी आपटली. सगळी डोकी वर झाली.

"इतकी वर्षं हाच माल येतोय, हाच सुटतोय! तुम्हालाच काय दिसलं त्यात? सरळ बोला की, हात ओले केल्याशिवाय सुटायचा नाही म्हणून! चाळीस तोंडं जेवतात माझ्या कारखान्यावर. त्यांच्या ताटातलं ओढून तुमचं पोट भरणार आहे का?"

त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. एक शब्द बोलला असता, तुमच्याच भाचीला विचारा म्हणाला असता, तर तिथंच सुटला असता. त्यानं एकदाच मुंगीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. नुसती विचारपूस होती, जणू तिलाच लागलं होतं आणि दुखतंय का म्हणून तो विचारत होता.

"माल नियमाप्रमाणे थांबवलाय, बाई," तो आत्याला म्हणाला. "सुनावणीत सगळं सांगितलं जाईल."

आणि मुंगी? मुंगी आत्याच्या मागं उभी राहून फरशीकडे बघत होती. बोल, बोल, असं आतून कुणीतरी ढकलत होतं. ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली तेव्हा त्याच्या टेबलावर पाण्यानं भरलेली वाटी होती. साहेबांना हात ओले करायला, म्हणून सोबतच्यांनी ठेवलेली. मागं खुसखुस चालली होती. त्यानं वाटी उचलली, खिडकीतल्या रोपाला पाणी घातलं आणि पुन्हा कामाला लागला.

ती शेडच्या दाराशी त्याची वाट बघत थांबली. बारीक पाऊस पडायला लागला होता. नावापुरता, पत्र्यावर वाजेल न वाजेल एवढा.

"तुम्ही आत्याला सांगितलं का नाही?"

"काय?"

"की मीच..."

"ते माझं सांगायचं नाही."

"म्हणजे माझं आहे."

"असं मी म्हटलं नाही."

"म्हणा ना! रागवा तरी! माझ्यामुळं तुम्हाला लाचखाऊ म्हणतात सगळे..."

तो पावसाकडे बघत राहिला. "रागवता आलं असतं तर सोपं होतं," तो म्हणाला. "प्रयत्न केला मी. नाही जमलं."

"तुम्हाला ठाऊक होतं ना... त्या दिवशी? की मला ती..."

"तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"गंधकाचं."

"हो. मीही तसंच समजलो. पण मी समजून काय उपयोग? ज्यानं खाल्लं, चव त्यानंच सांगायची असते."

तो आपली छत्री तिच्या हातात देऊन भिजत निघून गेला.

*

सुनावणीची खोली लहान होती. मधोमध टेबल, टेबलावर पांढऱ्या वाडग्यात पिंपातल्या चेरी. वास खोलीभर पसरला होता. टेबलामागं मोठ्या बाई बसल्या होत्या, सगळ्या ऑफिसच्या वरिष्ठ. केस पांढरे, चष्मा साखळीनं गळ्यात. एका बाजूला तो. समोर आत्या, मुंगी आणि एजंटकाका.

"नोंद अशी आहे," मोठ्या बाई म्हणाल्या, "की मालकांकडच्या मुलीनं हे फळ तपासनिसांसमोर खाल्लं आणि आम्ही रोज असंच खातो, असं सांगितलं. मग हे अयोग्य कसं?"

"कोणती मुलगी?" आत्या ताडकन म्हणाली. "आमच्याकडची कुणी असं..."

ती थांबली. एजंटकाका छताकडे बघत होते. आत्यानं सावकाश मान वळवली.

"मी," मुंगी म्हणाली. आवाज जेमतेम फुटला. "मी खाल्ली. आणि खोटं बोलले. कुणी खात नाही असली चेरी. त्या दिवशी मी घरी जाऊन उलटी केली."

आत्याच्या हातातली काठी खाली पडली. लगेच कुणी ती उचलली नाही.

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तेव्हा खोटं बोललात म्हणता. कशावरून आता खरं बोलताय? आता तर माल सुटायचा आहे. आता खोटं बोलण्यात फायदा आहे. तेव्हा काय फायदा होता?"

हाच प्रश्न येऊ नये म्हणून तर मुंगीनं इतके दिवस तोंड शिवलं होतं.

"बोला. खोटं का बोललात?"

"हे... नाक मुरडत होते." तिनं त्याच्याकडे न बघता बोट दाखवलं. "आमच्या मालाला."

"म्हणून हे घशाखाली घातलंत? रोज कितीतरी लोक मालाला नावं ठेवतात. त्या सगळ्यांसमोर खाता का?"

"नाही."

"मग यांच्यासमोरच का?"

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी शिक्के मारत होतं. मुंगीला वाटलं, कारखाना जाऊ दे, सगळं जाऊ दे, दार उघडून पळत सुटावं. मग तिला पुसलेली टेबलं पुन्हा पुसणाऱ्या बायका दिसल्या. आणि ती पाण्याची वाटी दिसली.

"ते बरे दिसत होते," ती म्हणाली.

"काय?"

"बरे दिसत होते! डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होते... मला वाटलं, यांच्यासमोर आपण हरायचं नाही. यांनी आपल्याकडे बघत राहावं. म्हणून खाल्ली. म्हणून रोज खातो म्हणाले." तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "त्यांनी कुणाकडे काही मागितलं नाही, आत्या. तू त्यांना बोललीस तेव्हा मी मागंच उभी होते आणि गप्प राहिले. चूक माझी आहे. सगळी माझी."

तिनं बोटांच्या फटीतून बघितलं, तर तो टेबलावरचा पेपरवेट उलटासुलटा करत होता आणि त्याचे कान पिंपाच्या लाल सीलसारखे झाले होते.

मोठ्या बाईंनी वाडग्यातून एक चेरी उचलली आणि कुणी काही म्हणायच्या आत तोंडात घातली. त्यांचं तोंड मिटलं, उघडलं, वाकडं झालं. त्यांनी चेरी रुमालात काढली आणि घटाघट ग्लासभर पाणी प्यायल्या.

"अयोग्य," त्या खोकत म्हणाल्या. "माल कच्चा म्हणून सोडा." मग मुंगीकडे बघून जरा हसल्या. "पोरी, पैशासाठी लोक इथं येऊन नाही नाही ती कारणं रचतात. पण असलं लाजिरवाणं कारण कुणी रचत नाही."

*

जिन्यावर आत्यानं त्याला गाठलं. त्यानंच उचलून आणलेली काठी त्याच्या हातून घेतली.

"बाळा, सगळ्यांसमोर बोलले मी तुला. तर ऐक, आता सगळ्यांसमोरच सांगते." आणि ती परत वर गेली. टेबलांच्या रांगेत उभी राहून मोठ्यांदा म्हणाली, "या मुलानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं! चुकले मी!" मग खाली येताना मुंगीला म्हणाली, "तुझ्याशी घरी बोलते. साखरेत पडायची मुंगी ती गंधकात जाऊन पडली!"

मुंगी आठवडाभर गोदीवर गेली नाही. कुठल्या तोंडानं जाणार? हमालांपासून सगळ्यांना कळलं होतं. कारखान्यात चेरी शिजत होती, पाक रोज थोडा दाट होत होता, आणि बायका तिच्याकडे बघून गालात हसत होत्या. ती खाली मान घालून ढवळत राही.

एका सकाळी तोच कारखान्याच्या दारात उभा राहिला. हातात तिचा रुमाल होता, धुऊन, इस्त्री करून.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "तुमचा माल यापुढं मी तपासणार नाही. दुसऱ्याला द्या म्हणून सांगून आलो."

"हो... बरोबरच आहे. माझं तोंडही बघायला नको असेल."

"तसं नाही. आपल्या माणसाचा माल आपण तपासायचा नसतो. नियम आहे."

"आपल्या...?" ती अडखळली. "मोठ्या बाईंनी कारण नाही विचारलं?"

"विचारलं की. सगळं ऑफिस कान देऊन ऐकत होतं."

"मग? काय सांगितलंत?"

त्यानं बटण चाचपलं. "तुम्ही सुनावणीत सांगितलंत, तेच. म्हटलं, बरी दिसते."

"अहो! सगळ्यांसमोर?"

"तुम्हीही सगळ्यांसमोरच सांगितलंत. एकट्या तुम्हीच का लाजायचं?"

मागं बायकांची निवडण्याची लगबग एकदम थांबली. मुंगीला कुठं बघावं कळेना. तिनं परातीतली एक चेरी उचलली, नुकती पाकातून निथळलेली, लालबुंद, आणि त्याच्यापुढं धरली.

"केस संपली ना?"

"संपली."

त्यानं खाल्ली. सावकाश, डोळे मिटून. उघडले तेव्हा ते ओले होते.

"अहो... रडताय का?"

"गंधक आहे," तो म्हणाला.

"यात गंधक नसतं," मुंगी म्हणाली आणि तो धुतलेला रुमाल तिनं पुन्हा त्याच्याच हातात दिला.